भाजणी, किल्ला आणि पहिली आंघोळ

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

यंदाची दिवाळी तुम्ही चेन्नईलाच करणार, हे फार चांगलं झालं. मुलं आता कळत्या वयाची आहेत. दिवाळी आजीच्या गावाला जाऊन बघायची नसते, ती आपल्या घरी आपण करायची असते, हे त्यांना याच वयात उमगायला हवं. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. पत्र स्वयंपाकघरात हाताशी ठेव.

सगळा फराळ घरी करायचा हट्ट मात्र धरू नका. दोघंही नोकरी करता. लाडू, करंज्या खुशाल विकत आणा. अनारशांच्या तर यंदा वाटेलाच जाऊ नका. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, पीठ गुळात कालवून पुन्हा चार-पाच दिवस मुरवायचं, आणि एवढं करून गूळ जरा जास्त झाला की अनारसा तुपात हसतो आणि सगळा पसरतो. हात बसल्याशिवाय तो जमत नाही. चकली मात्र घरीच करा, आणि तीही भाजणीपासून. विकतच्या भाजणीत कोणती डाळ किती घातली, किती भाजली, काही कळत नाही. त्यामुळे चकली बिघडली तर का बिघडली हेही कळत नाही. स्वतः भाजलेली असली की दोष कुठे आहे ते पहिल्या घाण्यालाच समजतं.

चौघांच्या घराला किलोभर भाजणी पुष्कळ होते. तांदूळ अर्धा किलो, हरभऱ्याची डाळ पाव किलो, उडदाची डाळ 125 ग्रॅम, मुगाची डाळ 60 ग्रॅम, जाड पोहे 50 ग्रॅम, धणे 25 ग्रॅम, जिरे 15 ग्रॅम. तांदूळ, हरभरा, उडीद हे चार-दोन-एक प्रमाण पक्कं लक्षात ठेव, बाकीच्यात थोडं इकडेतिकडे चालतं. तांदळानं चकली कुरकुरीत होते, हरभऱ्यानं खुसखुशीत. उडदाचं काम पीठ धरून ठेवण्याचं. तो कमी पडला तर चकली वळताना तुटते, वाढला तर कडक होते. मूग आणि पोह्यांनी ती हलकी राहते.

तांदूळ घेताना तिकडे एक काळजी घ्यावी लागेल. दुकानात नुसता तांदूळ मागितलास तर उकडा हातात पडण्याची शक्यता असते, त्याला ते पुळुंगल अरिसी म्हणतात. आपल्याला कच्चा तांदूळ हवा, म्हणजे पच्चरिसी. उकड्याची भाजणी चिवट होते.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन, चाळणीत निथळून, सुती कापडावर पसरायच्या. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झालेली असते, रात्रभरात सगळं वाळतं. तुमच्याकडे त्याच दिवसांत ईशान्य मोसमी पाऊस असतो, हवेत दमटपणा राहतो. तेव्हा पंख्याखाली एक रात्र पुरणार नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहू दे. मूठभर डाळ हातात दाबून सोड, तळव्याला एकही दाणा चिकटता कामा नये. ओली डाळ कढईत गेली तर ती भाजली न जाता वाफवली जाते; वरून रंग येतो आणि आतून कच्ची राहते.

भाजणं हा या सगळ्यातला कळीचा भाग. जाड बुडाची कढई, मंद ते मध्यम आच, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा. एकत्र भाजायचा मोह होईल, पण उडीद हरभऱ्याच्या आधी होतो, तो तोवर करपतो. तांदूळ पांढरेशुभ्र दिसू लागले, हाताला हलके लागले आणि दाताखाली कटकन तुटले की काढायचे. हरभऱ्याच्या डाळीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिच्या कडा गुलाबी-सोनेरी झाल्या आणि खमंग वास सुटला की पुरे. उडदाला नुसती गुलाबी झाक आली की बस. पोहे चुरले जाण्याइतके कडक कर. धणे-जिरे फक्त गरम करून घे. भाजणी कमी भाजली तर चकली दुसऱ्याच दिवशी मऊ पडते आणि तिला कच्च्या डाळीचा वास येतो. जास्त भाजली तर पिठातला चिकटपणा जातो, चकलीचे तुकडे पडतात आणि रंग काळपट येतो. दोन्हींत जास्त भाजलेली वाईट, कारण तिला पुढे उपाय नाही.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत ने आणि बारीक दळून आण. आधी तांदूळ किंवा हरभरा दळलेला असेल तर उत्तम. मिरची किंवा नाचणी दळल्यावर लगेच देऊ नकोस. पीठ गिरणीतून गरम येतं, ते घरी आल्याबरोबर कागदावर पसर. गरम डब्यात भरलं तर त्याला घाम येतो आणि गुठळ्या होतात. हे सगळं वसुबारसेच्या आठ दिवस आधी आटोपून टाक, म्हणजे तळायला निवांत वेळ मिळेल.

आता उकड. पाणी आणि भाजणी एकाच वाटीनं मोज. दोन वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी. त्यात दोन मोठे चमचे तेल, दीड लहान चमचा मीठ, दोन लहान चमचे तिखट, मोठा चमचाभर तीळ, अर्धा लहान चमचा ओवा, पाव-पाव चमचा हळद आणि हिंग. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालायची, उलथन्याच्या दांड्यानं कालवायची आणि वीस मिनिटं झाकून ठेवायची. ओवा हातावर चुरडून घाल. अख्खा दाणा सोऱ्याच्या चकतीत अडकला की चकली तिथेच तुटते.

सगळी उकड एकदम मळू नकोस. एका वेळी सोऱ्यात मावेल तेवढीच घे, पाण्याचा हात लावून तळव्याच्या मुळानं चांगली रगड, बाकीची झाकलेली ठेव. गोळा दाबला तर कडेला भेगा पडायला नकोत. चकल्या कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर पाडायच्या, तीन वेढे, आणि शेवटचं टोक दाबून चिकटवायचं. ते सुटं राहिलं तर तेलात चकली उलगडते.

तेल मध्यम तापव. पिठाचा कण टाकला की तो तळाशी जाऊन सावकाश बुडबुडे काढत वर आला पाहिजे. लगेच उसळून वर आला तर तेल फार तापलंय. चकल्या सोडल्या की पहिलं मिनिटभर हात लावू नकोस, मग उलट आणि आच थोडी कमी कर. तेलावरचा फेस जवळजवळ थांबला म्हणजे आतलं पाणी गेलं. रंगावर जाऊ नकोस, फेसावर जा. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो आणि आत मऊ लगदा राहतो, घरोघरी चकल्या मऊ पडतात त्या बहुतेक यानंच.

आधी एकच चकली तळ, गार होऊ दे आणि खाऊन बघ. गरम चकली नेहमीच मऊ लागते, तिच्यावरून काही ठरवायचं नाही. वळताना तुटत असेल तर पाणी कमी पडलंय किंवा मळणं कमी पडलंय. तेलात विरघळून सुटत असेल तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त झालंय. मूठभर कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळ. कडक झाली तर मोहन कमी. चमचाभर गरम तेल पिठाला चोळ. काटा बसका आला तर पीठ सैल आहे. गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भर, तुमच्या हवेत तासभर उघडी राहिली तरी सादळते. सादळलीच तर ओव्हनमध्ये 130 अंशांवर दहा मिनिटं ठेवून पूर्ण गार कर.

मुलांना या सगळ्यात घ्यायचं, पण कढईपाशी नाही. थोरल्यानं वजनं करावीत, काट्यावर 125 ग्रॅम मोजताना त्याचा अपूर्णांकही पक्का होईल. डाळ वाळली की नाही ते मुठीत धरून बघायचं काम धाकटीचं. तळायच्या वेळी मात्र दोघांना स्वयंपाकघराबाहेर दुसरं काम दे, आणि कढईचा कान भिंतीकडे वळव.

त्यांच्या हातानं पूर्ण होणारा पदार्थ म्हणजे शंकरपाळे. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि कोमट होऊ द्यायचं. चिमूटभर मीठ घालून मावेल तेवढा मैदा, साडेचार ते पाच वाट्या लागतो. अर्धा तास झाकून ठेव. पोळी जाडसर लाटून तू दे, कातण्यानं कापायचं काम दोघांचं. वेडेवाकडे कापले तरी चालतील, पण जाडी सारखी हवी, नाहीतर पातळ करपतात आणि जाड कच्चे राहतात. मंद आचेवर तळ. पहिलाच तेलात फुटून पसरला तर आणखी दोन चमचे मैदा मळून घे.

किल्ला मात्र कराच. बाल्कनीत आधी प्लॅस्टिक अंथर आणि पाणी जायचं भोक मोकळं ठेव. विटा आणि दगड रचून उंची करायची, गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पांघरायचं. नुसती माती थापली तर वाळल्यावर भेगा पडून उतार घसरतात, गोणपाटानं ती धरून राहते. लाल माती नर्सरीत मिळेल. हिरवळीला मोहरीपेक्षा हळीव बरा, कारण भिजला की तो बुळबुळीत होऊन उतारावर चिकटतो. मोहरी घरंगळून खाली जमा होते. सहा दिवस आधी पेर, दिवसातून दोनदा फवाऱ्यानं पाणी दे. ओतून दिलंस तर बी वाहून जाईल.

कोणता किल्ला करायचा हे थोरल्यानं ठरवावं, पण माझ्या मनात जिंजी आहे. तुमच्यापासून दीडेकशे किलोमीटरवर आहे, करायच्या आधी एकदा दाखवूनच आण. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि तिघींना जोडणारी तटबंदी. राजगिरी सगळ्यात उंच. त्यामुळे विटांचे तीन ढीग आणि मधे सपाटी, करायलाही सोपा. शिवाजी महाराजांनी तो 1677 मध्ये घेतला, राजाराम महाराज 1689 मध्ये तिथे पोचले, मोगलांच्या वेढ्यात गड वर्षानुवर्षं झुंजला आणि 1698 मध्ये पडला. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलाला याहून जवळचा गड कुठला सापडणार!

नरक चतुर्दशीच्या पहाटे शेजारीपाजारीही उठलेले असतील, कारण त्यांची दीपावली त्याच दिवशी. तेलाची आंघोळ त्यांच्याकडेही असते आणि भेटल्यावर ते एकमेकांना विचारतात, ‘गंगा स्नानम् आच्चा?’ म्हणजे गंगास्नान झालं का? मुलांना उत्तर देता आलं पाहिजे. तिळाचं तेल तिकडे नल्लेण्णै म्हणून कुठेही मिळतं. कोमट करून आंघोळीच्या अर्धा तास आधी लाव, पण तळपायांना नको, न्हाणीघरात पाय सरकतो. उटणं विकतचं असलं तरी मलमलच्या कापडातून गाळून घे, कारण जाड वाळ्या-नागरमोथ्यानं लहान मुलांची कातडी ओरबाडते. धाकटीसाठी दुधात कालव आणि आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडंसं लावून बघ. जखमेवर आणि डोळ्यांपाशी अजिबात नको. आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, मग फराळ.

शेजारी मुरुक्कू आणून देतील, तेव्हा डबा रिकामा परत करायचा नाही, आपल्या चकल्या घालून द्यायच्या. मुरुक्कूत मुख्यतः तांदळाचं आणि उडदाचं पीठ, आपल्याकडे भाजलेल्या डाळी. मुलांना दोन्ही शेजारीशेजारी ठेवून खायला दे आणि फरक त्यांनाच सांगू दे.

पार्सलात कातणं, हळीव, उटणं, कारीट आणि पणत्या ठेवते आहे. सोऱ्या तिकडेच घे, पितळेचा जड बघून. चांदणीच्या चकतीवरून आतल्या बाजूनं बोट फिरव. भोकांच्या कडा खरखरीत लागल्या तर दुसरी चकती माग, त्या कडांना पीठ अडकून चकलीचा काटा एका बाजूनं फाटतो. नवा सोऱ्या आधी चिंच-मिठानं घासून घे, आणि पहिली मूठभर उकड नुसती दाबून काढून फेकून दे.

तुझी,
आई