आकडा बदलला, भिंत तिथेच

महोदय,
नौपाडा, पाचपाखाडी, वाशीतल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की सभासदांच्या हाती फ्लॅटचा रंगीत प्लॅन येतो. त्यातले सोफे-पलंग विसरून आधी मापांची बेरीज करावी. बाहेरची भिंत १५०, हॉल ३०५०, मधली भिंत ११५, बेडरूम २७४०, पुन्हा भिंत १५०: झाले ६२०५ मिमी. खाली एकूण ६१५० छापले असेल, तर ५५ मिमी गेले कुठे? फ्लॅट ६ मीटर खोल असला तर हे साडेतीन चौरस फूट होतात.

ही गफलत बहुधा शेवटच्या दुरुस्त्यांत होते. भिंत सरकवायचा कंटाळा, म्हणून ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये डायमेन्शनवर, म्हणजे मापाच्या आकड्यावर, डबल क्लिक करून हवा तो आकडा टाइप केला जातो. पुढे भिंत कितीही हलवा, तो आकडा ढिम्म हलत नाही. प्रॉपर्टीजमधला ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ रकाना रिकामा केला की मोजलेले माप परत दिसते. मग दुरुस्ती भिंतीत करावी.

क्षेत्रफळाचेही तसेच. ते पॉलीलाइनवरून, म्हणजे जोडलेल्या रेषांच्या बंद आकृतीवरून, मोजले जाते. कोपऱ्यात रेषा २ मिमीने सुटली तर स्क्रीनवर कळत नाही, पण हॅच (आकृतीत भरायची रेघांची नक्षी) भरत नाही, पॉलीलाइन बंद होत नाही. एकावर एक पडलेल्या रेषा ‘ओव्हरकिल’ या कमांडने काढाव्यात, कोपरे शून्य त्रिज्येच्या ‘फिलेट’ने जुळवावेत. तरीही जुळेना, तर रेषांचा झेड, म्हणजे उंचीचा आकडा, पाहावा. सर्व्हेच्या फाइलमधून आलेल्या रेषा अनेकदा वेगवेगळ्या उंचीवर असतात. तिथे ‘फ्लॅटन’ कमांडने त्या एका पातळीवर आणाव्यात.

२०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात कार्पेट एरियात (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रात) आतल्या पार्टिशन भिंती धरल्या आहेत; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली आहे. म्हणून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने एकच बंद पॉलीलाइन फिरवावी. नुसत्या खोल्यांची बेरीज केली, तर ६ मीटर लांबीच्या ११५च्या एका भिंतीचेच सुमारे ७.४ चौरस फूट सुटतात.

माप विटेचे की प्लास्टरचे, हेही प्लॅनवर लिहायला लावावे. दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लास्टर चढले की ६००चा कोनाडा ५७६ उरतो, आणि फ्रिज हॉलमध्ये येतो.

सोसायट्यांनी पीडीएफवर न भागवता डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइलही मागून घ्यावी. पीडीएफमध्ये मोजलेला आकडा आणि टाइप केलेला आकडा अगदी सारखेच दिसतात.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे