सीपीयू कुठे ठेवायचा?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लॅपटॉप ठीक आहे, पण त्याचा सीपीयू कुठे ठेवायचा?" आणि मी हसले. चुकलंच. तो हसण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र. फोनवर मी घाईत असते, तुम्ही "बरं बरं" म्हणता, आणि दोघांनाही कळतं की काही कळलेलं नाही.

आधी मुख्य गोष्ट. लॅपटॉप घेऊन झालाय. बंड्यामामा गुरुवारी घेऊन येतोय. परत करायची मुदतही संपली आहे, तेव्हा किमतीवर वाद नको. जुना कॉम्प्युटर चालतोय हे खरं आहे, पण विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्या यंत्राचा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम. त्यात सापडणारी भोकं बुजवायला अपडेट येतात. ती थांबली की बँकेची कामं त्यावर करणं बरं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडे दोन्ही नाही, आणि रॅम वाढवून ते येत नाही. (प्रोसेसर आणि रॅम म्हणजे काय ते पुढे सांगते.) शिवाय खरं सांगू का, वीज गेली आणि यूपीएस (जुन्या कॉम्प्युटरची बॅटरी) ओरडला की तुम्ही टेबलाखाली वाकता ते मला नको आहे. त्या कमरेने नको.

आता सीपीयू. दुकानदारापासून क्लासच्या सरांपर्यंत सगळेच टेबलाखालच्या डब्याला सीपीयू म्हणतात, तेव्हा तुमची चूक नाहीच. त्या डब्याचं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतली एकच चिप, मारी बिस्किटाहूनही लहान, सगळी आकडेमोड करणारी. तिलाच प्रोसेसरही म्हणतात. लॅपटॉपमध्ये ती कीबोर्डच्या खालीच बसवलेली असते, त्यामुळे वेगळं काही ठेवायचं नाही. एवढं मात्र पाळा, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. बुडाशी जाळी आहे, हवा तिथून आत जाते. ती कोंडली की पंखा घोंघावतो, चिप तापते आणि स्वतःला जपण्यासाठी मुद्दाम मंद चालते. मग तुम्ही म्हणाल, "नवीन घेतला तरी हळूच!"

खोक्यावर ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असं लिहिलंय. दोन्हीकडे जीबी असल्यामुळे घोटाळा होतो. बाबा, तुमच्या शाखेतलं तुमचं टेबल आठवा आणि मागची रेकॉर्ड रूम आठवा. रॅम म्हणजे टेबल. या क्षणी जे उघडलंय ते तिथे पसरलेलं असतं. एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम, तिथलं वीज गेली तरी जागेवर राहतं. टेबल मात्र यंत्राची वीज तुटताच, म्हणजे लॅपटॉपची बॅटरीही संपताच, लख्ख रिकामं. म्हणून पत्र टाइप करताना पहिलं वाक्य झालं की कंट्रोल धरून एस दाबा, नाव द्या, आणि मग दर परिच्छेदाला तेच दोन बोटांनी. त्यालाच सेव्ह म्हणतात. पडद्यावर दिसतंय म्हणजे नोंद झाली असं नाही, खतावणीत चढवल्याशिवाय व्यवहार झाला असं तुम्ही तरी कधी मानलंत? जुन्यात एसएसडीऐवजी हार्ड डिस्क होती, म्हणजे आत फिरणारी तबकडी. काम तेच, पण ती हळू आणि धक्क्याला नाजूक.

आणि हो, मशीनमध्ये बघाल तर ५१२ ऐवजी ४७६ च्या आसपास दिसतील. दुकानदाराला फोन करू नका, त्याने फसवलेलं नाही. बाइट हे माहिती मोजायचं छोटं माप. बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं, ते भरतात १०७ कोटींच्या वर. माप मोठं, म्हणून आकडा लहान. पायली तीच, मापटं वेगळं. इंटरनेटच्या १०० एमबीपीएसचंही तसंच. तो बिटांचा आकडा आहे, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. "कॉम्प्युटर बंद पडलाय" या एका वाक्यात तुम्ही दोघं पाच वेगळे आजार सांगता. डॉक्टरांना नुसतं "बरं वाटत नाही" सांगून चालतं का? यापुढे फोन करायच्या आधी एवढं बघा.

पडदा काळा आहे, पण बटणाजवळचा दिवा लागलाय किंवा लुकलुकतोय? मग तो झोपलाय. त्याला स्लीप म्हणतात. पॉवरचं बटण एकदाच हलकं दाबा.

दिवाच नाही? चार्जर भिंतीत आहे का आणि त्या बोर्डाचं बटण खाली आहे का, ते बघा. (आई, मोबाइल लावायला तूच ते बंद करतेस.) वीस मिनिटं चार्ज होऊ द्या, मग सुरू करा.

चित्र आहे पण माउस हलत नाही? याला हँग होणं म्हणतात. दोन मिनिटं थांबा, बटणं बदडू नका. कारण प्रत्येक दाबणं रांगेत उभं राहतं आणि मोकळं झाल्यावर सगळं एकदम होतं. तरीही नाहीच हललं, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय, सेव्ह न केलेलं त्यात जातं.

सगळं चालतंय, पण विचित्र वागतंय? तर रिस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा सुरू करणं म्हणजे तेच नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. लवकर उठता यावं म्हणून ती शट डाउन करताना थोडी आठवण जपून ठेवते, आणि कधी त्याबरोबर बिघाडही जपला जातो. रिस्टार्टमध्ये पाटी पूर्ण पुसली जाते.

आणि पाचवा, तुमचा नेहमीचा: "नेट गेलं." इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाय-फाय म्हणजे फक्त लॅपटॉपपासून देव्हाऱ्याशेजारच्या राउटर नावाच्या डब्यापर्यंतचं बिनतारी अंतर. इंटरनेट त्या डब्याच्या पलीकडे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहील, पण राउटर झोपेल, आणि तुम्हाला वाटेल लॅपटॉप बिघडला. म्हणून राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यायला बंड्यामामाला सांगितलंय. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारी फायबरची तार तुटली आहे किंवा निसटली आहे. तेव्हा बंद-चालू करून काही होणार नाही, थेट केबलवाल्याला फोन. लाल नसेल तर राउटर बंद करा, तीस सेकंद मोजा, चालू करा आणि चहा टाका. तो स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं घेतो.

आई, आता तुझं. तुला भीती वाटते की काहीतरी पुसलं जाईल. डेस्कटॉप म्हणजे सुरू केल्यावर पहिला दिसणारा पडदा. त्यावरच्या ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे, तो शॉर्टकट, नुसता पत्ता. तो पुसलास तरी घर पडत नाही. बाण नसेल तर ती खरी फाइल किंवा फोल्डर आहे. तीही पुसली तर आधी रीसायकल बिनमध्ये जाते, तिथून राइट क्लिक करून रिस्टोअर केलं की परत जागेवर. आणि हातून काही झालंच तर लगेच कंट्रोल धरून झेड, शेवटची कृती मागे फिरते. एक अपवाद लक्षात ठेव. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं बिनमध्ये जात नाही, सरळ जातं. त्यामुळे अभंगांच्या पेन ड्राइव्हवर डिलीट दाबायचंच नाही. त्याची एक प्रत लॅपटॉपवर करून ठेवली आहे, आजीच्या आवाजातल्यासकट. काढतानाही आधी त्याच्या चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट, मग ओढायचा.

ब्राउझर म्हणजे वेबसाइट बघायचा प्रोग्राम, क्रोम त्यातला एक. गूगल म्हणजे इंटरनेट नव्हे, तो शोधून देणारा. वर जी लांब पट्टी आहे ती ॲड्रेस बार. बँकेचा पत्ता तिथेच लिहायचा, शोधून आलेल्या पहिल्या ओळीवर टिचकी मारायची नाही, कारण ती जाहिरात असू शकते, कधी भामट्याचीही. रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इन हा पत्ता घ्यायला लावलाय. पहिल्या एकट्या तिरक्या रेघेआधीचा पत्ता त्यावरच संपतो ना, ते बघायचं. डाउनलोड म्हणजे तिथून इकडे, अपलोड म्हणजे इथून तिकडे. उतरवलेलं "गेलं कुठे?" असं वाटलं तर विंडोजची खूण असलेलं बटण धरून ई दाबायचं आणि डाउनलोड्स फोल्डर उघडायचा. तिथेच असतं, दरवेळी.

बाबा, ट्रस्टची जुनी इतिवृत्तं उघडाल तर कदाचित इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फाइल खराब झालेली नाही. त्या जुन्या फाँटमध्ये (फाँट म्हणजे अक्षरांचा छाप) मराठी अक्षर आत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेलं असे, वर फक्त चित्र देवनागरी. फाँट नसेल तर सोंग उतरतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे कुठेही उघडा, क हा क च. जुना फाँट टाकून ठेवलाय, म्हणजे वाचता येईल. नवीन मात्र युनिकोडमध्येच. तुमच्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे बटणांवरची मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी, ठेवलाय. टाइपरायटरची सवय मोडायला त्रास होईल, पण रचना सुटसुटीत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. हलन्त डी वर, ळ शिफ्ट धरून एन वर. आणि "दुसऱ्या"मधला र हवा असेल तर साधा जे नाही, शिफ्ट धरून जे, मग डी. नाहीतर "दुसर्या" उमटेल आणि तुम्ही मला पत्र पाठवून सुधाराल. आईसाठी फोनेटिक आहे, इंग्रजी अक्षरांत भाजी लिहिलं की भाजी. एकातून दुसऱ्यात जायला विंडोजचं बटण धरून स्पेस. पासवर्ड घेत नसेल तर नव्वद टक्के वेळा एकतर कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो किंवा कॅप्स लॉक लागलेलं.

अक्षरं दीडपट मोठी करून ठेवली आहेत. वेगळा माउस आहे, त्या सपाट पट्टीवर बोटं घासायची नाहीत. पडदा खाली राहत असल्यामुळे दुहेरी चष्म्यातून बघायला मान मागे टाकावी लागणार नाही. मागचं चित्र तेच, घाटातलं.

एक गोष्ट रागावू नका म्हणून शेवटी ठेवली होती. तुमचं खातं स्टँडर्ड प्रकारचं आहे, म्हणजे नवीन प्रोग्राम टाकताना तो ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल, आणि तो माझ्याकडे आहे. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. माझंही रोजचं खातं तसंच आहे. "मी कंपनीतून बोलतोय, स्क्रीन दाखवायचं ॲप टाका" म्हणणाऱ्याचं काम त्याने बरंच अवघड होतं, पूर्ण थांबत नाही. म्हणून असा फोन आला तर ठेवून द्या, उद्धट वाटलं तरी. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, अगदी माझ्या आवाजातल्या फोनलाही नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग मला. मी ओरडणार नाही. शप्पथ.

गोळ्या वेळेवर घ्या. आई, दुपारी एक तास आडवी होत जा, लॅपटॉप पळून जात नाही. जुनं कॅबिनेट भंगारवाल्याला देऊ नका. त्यातल्या हार्ड डिस्कवर आपले फोटो आहेत, मी आले की काढून घेईन. तोवर तसंच राहू द्या. बाबा, यूपीएसचा प्लग मात्र काढायचा आहे. तुम्ही वाकू नका, बंड्यामामा काढेल.

तुमची,
चिमी

ता. क. चार्जरच्या पिशवीत रव्याचे लाडू आहेत. आधी ते काढा.