पायाच्या जखमेचं मशीन घरी येण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सासऱ्यांना तळपायाच्या जखमेवर सक्शनचं छोटं मशीन लावून घरी सोडणार, असं कळलं. यात जखमेत स्पंजसारखा फोम भरतात, वरून चिकट पारदर्शक फिल्मने हवाबंद करतात आणि मशीन नळीतून हवा नि स्राव ओढत राहतं. आधी डॉक्टरांना विचार, पायाला रक्त पुरेसं पोचतंय ना आणि हाडात पू गेलेला नाही ना. नुसता घोट्याचा रक्तदाब मोजून भागत नाही. मधुमेहात रोहिण्या कडक होतात, त्यामुळे आकडा उगाच चांगला येतो. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब बघायला सांग. काळा, मेलेला भाग कापून काढल्याशिवाय फोम बसवू देऊ नकोस, खाली पू कोंडतो.

ड्रेसिंग सिस्टरच करतील, पण तू बघत राहा. फोम जखमेवर धरून कापायचा नाही, कण आत पडतात. चांगल्या कातडीला तो टेकला तर ती सोलवटते, म्हणून कडेने आधी फिल्मच्या पट्ट्या. आत किती तुकडे घातले ते फिल्मवर पेनाने लिहायला लाव. नळी जिथे फिल्मला जोडतात ती चकती तळपायावर मुळीच नको, भार पडला की तिचीच नवी जखम होते. फोमची पट्टी फिल्मवरून पावलाच्या वरच्या बाजूला ओढून घेऊन चकती तिथे बसवतात.

हवा बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यातून शिरते. ती जागा कोरडी करून हायड्रोकोलॉइडची (मऊ, चिकट जेलसारखी) पट्टी भरायची, मग फिल्म. दाब बसला की फोम मनुक्यासारखा आक्रसून कडक होतो. मऊ राहिला तर अलार्मची वाट न बघता कडेने कान लावून फिर. सूं आवाज येईल तिथे फिल्मचा तुकडा चिकटव.

मशीनचा ओढीचा दाब बहुधा उणे १२५ (mmHg) असेल. फोम ४८ ते ७२ तासांत बदलायचा. दिवसभरात मशीन २ तासांहून जास्त बंद राहिलं तर फोम आत ठेवायचा नाही, साधं ड्रेसिंग करून घ्यायचं. वीज जाते तुमच्याकडे, तेव्हा बॅटरी भरलेली ठेव.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांग. नळीत लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद कर, फोम ओढू नकोस, वरून दाबून धर आणि लगेच दवाखान्यात ने.

मशीन खांद्याला अडकवता येतं म्हणून त्यांना फिरू देऊ नकोस, भार उतरवणारा बूट हवाच. २००५ साली अमेरिकेत पावलाचा काही भाग कापलेल्या १६२ मधुमेही रुग्णांवर चाचणी झाली. १६ आठवड्यांत मशीनने ५६ टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगने ३९. तेव्हा महिन्याभरात भरली नाही म्हणून खचू नकोस. पायाला संवेदना नसल्याने दुखत नाही म्हणतील, त्यावर विसंबू नकोस. वास, ताप किंवा वर चढणारी लाली दिसली की त्याच दिवशी दाखव.

तुझी आई