पश्या, ते पॅकेज बुक करू नकोस

प्रिय पश्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, उत्तर लगेच टाकणार होतो पण व्हॉट्सअ‍ॅपवर हे मावणारं नाही म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहितोय. सात रात्री रिसॉर्ट, जेवणखाण सगळं आतच, एक दिवस बोट आणि एक दिवस बसने साइटसीइंग. अरे नको रे. अजून पैसे भरले नसशील तर भरू नकोस. जो माणूस भर पावसात राजगडावर मुक्कामाला जातो त्याने मॉरिशसला येऊन स्विमिंग पूलशेजारी सात दिवस पडून राहायचं हे मला खरंच पटत नाही. माझ्याकडे उतरा, वरच्या मजल्यावर एक खोली रिकामीच असते. एक स्कूटर माझी आहे, दुसरी भाड्याने घेऊ. वहिनी साताऱ्यात बोगद्याच्या चढावर अ‍ॅक्टिव्हा ज्या हाताने चालवते ते मी बघितलंय, तिला इथले रस्ते काहीच वाटणार नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

बेट किती मोठं असेल असं विचारलंस. गोव्याच्या साधारण निम्मं धर. उत्तर-दक्षिण पासष्टेक किलोमीटर, आडवं पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे स्कूटरवर सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, आणि तरी इतके दिवस राहून मला अजून दर रविवारी नवीन रस्ता सापडतो कारण मुख्य रस्ता सोडला की उसातून जाणाऱ्या वाटा सगळीकडे आहेत. ऊस म्हणजे किती ऊस, अरे आपल्या कराडकडच्या माणसालाही नवल वाटेल. माझं ऑफिस एबेनला, पठारावर, आणि राहतो मी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या वरच्या अंगाला, त्यामुळे रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की थंडी आणि भुरभुर पावसातून निघतो आणि खाली उतरत येतो तसतसं ऊन लागायला लागतं, जॅकेटची चेन उघडतो, मग घर येईपर्यंत घाम. वारा कायम आग्नेयेकडून येतो, ढग पठारावर रिकामे होतात आणि आमच्या बाजूला कोरडं राहतं. पठारावरच्या क्युरपीप गावात छत्री आणि इथे गॉगल, एकाच संध्याकाळी. कारमध्ये काचा लावून बसलं की हे अंगाला कळतच नाही.

ऊस उभा असतो तेव्हा चौकात समोरचं काही दिसत नाही, दोन्ही बाजूंनी भिंती. मी हॉर्न देत, जवळजवळ थांबत पुढे होतो. आणि साधारण जूनपासून तोडणी चालू झाली की एकेक शेत उघडं पडतं आणि मग कालपर्यंत जिथे काहीच नव्हतं तिथे अचानक डोंगर दिसायला लागतात, त्यांच्यामागे समुद्र, आणि शेतांच्या मधोमध दगडांचे ढीग.

या दगडांबद्दल मला तुला सांगायचंच होतं. काळेभोर, सच्छिद्र, हातात घेतला तर तू डोळे मिटून सांगशील की हा बेसाल्ट आहे. आणि नुसता आपल्यासारखा नाही, नातं आहे. रियुनियन बेटाच्या खाली जो हॉटस्पॉट आहे ना, जमिनीच्या पोटातली ती तप्त जागा, तिच्याच लाव्हारसातून सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खन झाला, सह्याद्री झाला. मग आपली प्लेट, म्हणजे भारताखालचा भूकवचाचा तुकडा, उत्तरेला सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी रांग उमटत गेली, आणि अगदी अलीकडे, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांमागे, हे मॉरिशस वर आलं. रियुनियन त्याहून तरुण आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे तू ज्या कातळावर आयुष्यभर चढतोयस त्याचंच हे धाकटं भावंड. मला हे कळलं त्या दिवशी मी स्कूटर बाजूला लावून बराच वेळ एका ढिगापाशी उभा होतो.

पण ढीग निसर्गाने केलेले नाहीत. ऊस लावायचा तर आधी जमिनीतले दगड काढायला हवेत, आणि ते माणसांनी हातांनी काढले. आधी गुलामांनी, आणि १८३५ मध्ये गुलामी संपली त्याच सुमारास भारतातून करारावर मजूर आणायला लागले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं आली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. नंतरच्या काळात मशिनं आली पण जुने ढीग तसेच आहेत, दक्षिणेला प्लेन मान्यांकडे तर पायऱ्यापायऱ्यांचे पिरॅमिड रचलेत. कडा बघ म्हणजे कळेल, मोठा दगड खाली, त्याच्यावर मध्यम, फटीत चिपा बसवलेल्या, गडावरच्या रचीव तटासारखं काम आहे. मजुरी पाच रुपये आणि रचाई अशी. हे कुणी सांगितलं होतं त्यांना करायला? मला त्याच्याकडे बघून अभिमान वाटतो आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

आणि त्यातली बरीच माणसं आपल्याकडची होती रे. कलकत्ता आणि मद्राससारखीच मुंबई बंदरातूनही जहाजं सुटायची, त्यातून रत्नागिरीकडचे लोक आले. माझी घरमालकीण, मी तिला काकू म्हणतो, तिचे खापरपणजोबा त्यातले. घरात सगळे क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंच वळणाची बोली, बोलतात, मराठी काकू शाळेत शिकली, इथे प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळची रजिस्टरं जपून ठेवलीत, नंबर, नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज. काकूने तिथून काढून आणलेला कागद प्लास्टिकच्या कव्हरमध्ये देवघराच्या खालच्या खणात ठेवलाय. मला दाखवताना तिने गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुठे आहे, तिथून समुद्र दिसतो का. इंग्रज कारकुनाने काय ऐकलं आणि काय लिहिलं देव जाणे, गाव मला ओळखता आलं नाही. तू इतकी वर्षं कोकण पिंजून काढलंयस, तू तो कागद बघ. फोटो पाठवत नाही, तू इथे येऊन काकूसमोर बसून वाच.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, जहाजातून उतरून माणसं ज्या दगडी पायऱ्या चढली त्या. सोळा पायऱ्या. २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे मात्र आपण बसने जाऊ, पोर्ट लुईच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर चालवण्यात काही मजा नाही.

खाण्याचं सांगतो. वहिनीला म्हणावं डाएट सोडून ये. सकाळी रस्त्याच्या कडेला मोटरसायकलच्या मागे काचेची पेटी बांधून ढोलपुरीवाला उभा असतो, मऊ लुसलुशीत, आत डाळीचं कोरडं सारण, पुरणपोळीतला गूळ काढून घेतल्यासारखी. दोन एकावर एक ठेवून त्यात वालाची उसळ, टोमॅटोचा रस्सा, हिरवी चटणी, मिरचीचं लोणचं, गुंडाळी करून कागदात. देतात जोडीनेच. आणि गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच, पावात घालून खातात. दुपारी बीचवर अननसवाला. तो अननस देठाने उलटा धरतो, साल काढतो, मग सुरीने तिरक्या खाचा पाडत डोळे काढत जातो आणि बघता बघता त्या फळावर पिळाच्या रेघा उमटतात, मग चार फाका, त्यावर मीठ, मिरची, चिंचेचं पाणी. देठ तसाच, दांडी म्हणून धरायला. इथले अननस लहान आणि इतके गोड की बाजारात एकच घेऊन कधी भागत नाही.

आता रस्ते. पहिला दिवस शामारेल. तामारिनच्या जुन्या मिठागरांवरून खाली ब्लॅक रिव्हर, मग काझ न्वायालच्या चर्चपाशी डावीकडे वळलं की घाट लागतो, वळणं पसरणीपेक्षा तीव्र आणि रस्ता अरुंद, भाड्याच्या हलक्या स्कूटरला चढ जड जातो म्हणून १२५ सीसीच घ्यायची हे लक्षात ठेव. वर सात रंगांची माती आहे, सगळे टूरिस्ट तिथे जातात, आपणही जाऊ, पण मला तुला त्याच्या पुढे न्यायचंय, प्लेन शांपेनला, बेटावरचा सगळ्यात उंच रस्ता. थंड हवा, बुटकी झाडी, दोन्ही बाजूंना जंगल. चायनीज पेरूचा सीझन असला की लोक सहकुटुंब पिशव्या घेऊन झुडपांत शिरलेले असतात, बोराएवढी लाल फळं, आंबटगोड. खरं तर ती झाडं बाहेरून आलेली आणि इथलं मूळचं जंगल त्यांनी पार दाबून टाकलंय, वनखात्याची माणसं उपटून उपटून थकली. तिथूनच पुढे गंगा तलाव. महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लोक कावड घेऊन पायी येतात, त्या दिवसांत रात्री स्कूटर घरीच ठेवायची कारण रस्ता त्यांचा असतो, आणि गावोगावी, कुठल्याही धर्माची माणसं असोत, त्यांना पाणी, सरबत, फळं वाटत उभी असतात.

दुसरा दिवस दक्षिण किनारा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. ल मोर्नचा डोंगर, ५५६ मीटरचा सरळ कातळ, तीन बाजूंना समुद्र. गुलामीच्या काळात पळून गेलेली माणसं तिथे वर लपून राहायची. असं सांगतात की गुलामी संपली हे सांगायला शिपाई वर चढत होते आणि लोकांना वाटलं पकडायला आले, तर त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. खाली स्मारक आहे. तू वर चढणारच, मला माहितीये, पण पहाटे लवकर निघू, नंतर कातळ तापतो.

ल मोर्नच्या पुढे रस्ता पाण्याला चिकटून जातो. माकोंडेच्या वळणावर तर डावीकडे खडक आणि उजवीकडे लगेच समुद्र, मध्ये फक्त बुटकी भिंत. तिथून जरा पुढे, बे द्यु कापच्या अलीकडे, माझं मागचं चाक बसलं होतं, खिळा. रविवार दुपार, सगळं बंद. समोर झाडाखाली एक म्हातारा कोळी बांबूचा मासे धरायचा पिंजरा विणत होता, त्याने काम खाली ठेवलं, पुतण्याला हाक मारली, पुतण्याने पंप आणि रबराच्या पट्ट्या आणल्या, थुंकी लावून भोक शोधलं. तेवढ्यात आतून चहा आला, व्हॅनिलाचा वास असलेला, इथे बऱ्याच घरी तसाच पितात. मी पैसे काढले तर म्हातारा पिंजऱ्याकडे वळला आणि परत विणायला लागला, बघितलंसुद्धा नाही. आता त्या बाजूला गेलो की मी तिथे थांबतोच. गेल्या वेळी त्याच्यासाठी चिवडा नेला होता, तिखट म्हणाला आणि डबा ठेवून घेतला.

मग सुइयाकला ग्री-ग्री. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्यावर पाणी शांत, सगळे फोटो त्याच पाण्याचे असतात. ग्री-ग्रीला ती भिंत तुटलीये आणि दक्षिणेचा समुद्र थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो, इथून खाली अंटार्क्टिकापर्यंत मध्ये काहीच नाही. पाण्यात उतरायचं नाही, लांबूनच बघायचं. तू तिथे गप्प बसशील बघ तासभर.

कधी यायचं तर गणपतीत ये. इथे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कास्कावेल माझ्या घरापासून जवळच, तिथे मराठी वस्ती पुष्कळ. मागच्या वर्षी काकूच्या माहेरी गेलो होतो, आरती झाली आणि अंगणात जाखडी सुरू झाली. जाखडी, पश्या! ढोलकी, झांज, गोल धरून नाचणारी पोरं, पायात घुंगरू, गाण्याचे उच्चार क्रिओलकडे झुकलेले पण चाल तीच, मी गुहागरला मामाकडे ऐकायचो ती. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा इतका मन लावून नाचत होता. रत्नागिरी त्याने नकाशात तरी बघितलीये का कोण जाणे. मला तिथे राहवलं नाही, सरळ गोलात शिरलो आणि शेवटपर्यंत नाचलो. संध्याकाळी मूर्ती समुद्रात नेल्या, लोक गुडघाभर पाण्यात, कुणाला परत यायची घाई नव्हती.

सप्टेंबरात हवाही छान, थंडी ओसरत आलेली, तोडणी चालू म्हणजे डोंगर उघडे, आणि वादळाचा सीझन नोव्हेंबरच्या पुढे. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवायचा, माझा दे. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून आत्ताच काढून ठेव, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. तुझं हेल्मेट घेऊन ये, भाड्याची हेल्मेट मला पसंत नाहीत. वहिनीचंही. पठारासाठी एकेक स्वेटर, खरंच लागतो. तुझ्या घरच्या काकूंच्या हातचा गोडा मसाला अर्धा किलो, नीट पॅक करून, आणि माझ्या घरमालकीणकाकूसाठी एखादी इरकल साडी, रंग वहिनीने निवडावा, पैसे मी देणार. बी-बियाणं, रोपं, फळं काही आणू नकोस, एअरपोर्टवर काढून घेतात.

तारखा ठरल्या की कळव, दुसऱ्या स्कूटरचं मला आधी सांगून ठेवावं लागेल, गणपतीत मिळत नाहीत.

तुझाच,
अव्या