मंजूस पत्र: संच घेऊ नकोस

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

ओमला घरीच शिकवायचं ठरवलंस, फार आनंद झाला. पण मॉन्टेसरी साहित्याच्या पूर्ण संचाची किंमत सांगताना तुझा आवाज उतरला, तो कानात राहिलाय. म्हणून सविस्तर लिहिते. संच घेऊ नकोस. हप्त्यांवर तर मुळीच नको.

ही पद्धत पैसेवाल्यांसाठी निघालीच नव्हती गं. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे छोट्या मुलांची शाळा, उघडलं, ते कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर हेच काम शिकल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी त्यांनी ते पानं, बिया, शिंपले, खडे घेऊन उभं केलं. मला धीर येतो तो त्यांच्याकडे बघून.

तरी ‘घरातल्या कशानंही भागतं’ हे मला पटत नाही. काही वस्तूंत माप हाच धडा असतो. गुलाबी मनोऱ्याचंच बघ. दहा घन, सर्वांत छोटा १ सेंमीचा, मोठा १० सेंमीचा. सगळे एका कोपऱ्याशी जुळवून रचले, की प्रत्येक पायरीवर तो छोटा घन नेमका बसतो. मूल स्वतःच बसवून बघतं, आईला ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. खेळण्यातल्या ठोकळ्यांत हे जमणार नाही. मी इथल्या सुताराकडून उरल्यासुरल्या तुकड्यांतून मनोरा करून घेतला. सागाचा हट्ट धरला नाही, मापाचा मात्र धरला. पॉलिश पेपर आणि रंगाचं काम घरी केलं. खुंटीचे दंडगोल, म्हणजे ठोकळ्याच्या भोकांत नेमके बसणारे खुंटीवाले लाकडी दंडगोल, घरी होत नाहीत, ते विकत घे. कुणाचे वापरलेले मिळाले तर उत्तम. ० ते ९ च्या खणांत मोजून ठेवायच्या ४५ काड्यांना मात्र आइस्क्रीमच्या काड्या पुरतात, त्यावर पैसे घालवू नकोस. ओतणं, निवडणं, घड्या घालणं यासाठी तुझं स्वयंपाकघर आहेच. फक्त भांडी ओमच्या हाताच्या बेताची दे, आणि काचेचीही दे.

बोटानं गिरवायच्या खरखरीत अक्षरांवर मात्र वेळ घाल. बाजारात बहुतेक इंग्रजीच दिसतात, मराठी आपणच करावीत. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आण. अक्षर त्याच्या पाठीवर उलटं काढ, म्हणजे कापल्यावर खरखरीत बाजू सुलट येते. स्वर निळ्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं गुलाबी पुठ्ठ्यावर चिकटव. गिरवायचं ते तर्जनी आणि मधल्या बोटानं, लिहितो त्याच दिशेनं, शिरोरेषा शेवटी, आणि बोट फिरत असताना तोंडानं उच्चार. आमची चिनू ‘भ’वरून बोट फिरवताना गाठीपाशी थांबते, तेवढीच गाठ पुन्हा गिरवते आणि मग पुढे जाते. पेन्सिल हातात यायच्या आधीच वळण बोटांत उतरतं ते असं. सुरुवात आपल्या जुन्या गमभनपासूनच कर. चार अक्षरांत मग, मन, नभ, गगन असे शब्द होतात, आणि शब्द झाला की मुलाचा चेहरा उजळतो.

आता पाठांचं. वर्षभराचे छापील पाठ विकतात, सोमवारी हे, मंगळवारी ते. ते घेऊ नकोस. कुठला पाठ कधी, हे ओमकडे बघून ठरायला हवं. मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेणाऱ्या बऱ्याच जणींना आपली पाठवही स्वतः लिहावी लागते. आमच्या ओळखीच्या बालमंदिरातल्या निवृत्त बाईंनी त्यांची वही मला वाचायला दिली. वस्तू कशी उचलायची, कुठे थांबायचं, किती कमी बोलायचं, सगळं चित्रांसकट. तुझ्या गावातही अशा बाई असतीलच, शोध. त्यांच्या शेजारी बसून चार पाठ बघितलेस तर महागडा अभ्यासक्रम लागणार नाही.

तीन पायऱ्यांचा पाठ मात्र पाठच कर. आधी बोट फिरवून नुसतं नाव: ‘हे खरखरीत. हे गुळगुळीत.’ मग, ‘खरखरीत कुठलं, दे बरं.’ शेवटी, ‘हे कसं आहे?’ दुसऱ्या पायरीवर खूप रेंगाळ, तिथेच खेळ करता येतो. ओमनं चुकीचं दिलं तर सुधारू नकोस. हसून साहित्य उचल, पुन्हा कधीतरी पहिल्यापासून घे. मला हे सगळ्यात अवघड जातं, जीभ शिवशिवते. पण आपण गप्प राहिलो की मूल खरंच स्वतः शोधतं, हे मी रोज बघते.

पुढे परीक्षेचं काय, ही सासूबाईंची काळजी रास्त आहे. त्यांना सांग, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं.

ग, म, भ, न यांचे उलटे आराखडे आणि मनोऱ्याची मापं पोस्टानं पाठवते. सुतारानं काय भाव सांगितला ते कळव. जास्त वाटला तर इथूनच करून घेईन, दिवाळीला येताना आणते.

ओमला गोड पापा, सासूबाईंना नमस्कार.

तुझीच,
वसू