मडगाव स्टेशनबद्दल, जरा सविस्तर

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास ना, की आता कोकण रेल्वे आहे, वंदे भारत पण मडगावपर्यंत येते, मग ती वास्को-मडगावहून कुळ्यावरून घाट चढून लोंढ्याला जाणारी जुनी लाइन हवी कशाला, ते काही डोक्यातून जात नाही बघ. तेव्हा आवाज तुटत होता म्हणून बोललो नाही. म्हटलं पत्रच लिहावं.

अरे मडगावला जंक्शनपण आलं ते त्या जुन्या लाइनीमुळेच. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, जकातीचा, व्यापाराचा, आमच्या मिठागरांवर बंधनं पण त्यातलीच, आणि त्याच तहातून मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, रेल्वे निघाली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे म्हणून कंपनी होती, पैसा आणि इंजिनियर इंग्लंडचे आणि नफ्याची हमी पोर्तुगीज सरकारची, म्हणजे तोटा झाला की भुर्दंड कोणाला ते कळलं असेलच तुला. १८८८ पर्यंत गाडी घाटावरच्या कॅसलरॉकपर्यंत चढली. कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी, कॅसलरॉकला इंग्रजांची. माणसांच्या सोयीपेक्षा बंदराला माल मिळावा म्हणून आलेली रेल्वे ही, पण लोकांनी ती आपली करून घेतली. चांदर, सावर्डे, कुडचडे, कुळे ही गावं तिच्या वेळेवर चालायला लागली.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवा मुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला आणि भारताने सरहद्द बंद केली, तेव्हा ही गाडीही बंद पडली, ती मुक्तीनंतरच परत सुरू झाली. त्या वर्षांबद्दल जुने लोक अजून बोलतात. आणि पुढची कितीतरी वर्षं मुंबई-पुण्याकडनं येणाऱ्याला हीच वाट, तुझे बाबाच सांगायचे ना, मिरजेला सगळं सामान उतरवायचं, हमाल शोधायचा आणि मीटरगेजच्या डब्यात जागा धरायची, मग लोंढा, मग घाट. रुंद रुळांचं ब्रॉडगेज झालं नव्वदच्या दशकात.

कोकण रेल्वेबद्दल मला काही कमी बोलायचं नाहीये, उलट तिच्यामुळे आमचं आयुष्यच बदललं. १९९० ला कॉर्पोरेशन झालं, जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री, श्रीधरन साहेब प्रमुख, आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत सगळा मार्ग सुरू. इथे गोव्यात मार्गावरनं केवढा वाद झाला होता तो आठवतोय का तुला, खाजन शेती म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, जुन्या गोव्याचा परिसर, लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं, १९९३ मध्ये गोव्यातलं काम काही काळ थांबलंच होतं. आणि पेडण्याचा बोगदा! माती इतकी मऊ की खणायचं आणि परत कोसळायचं, तिथे कामगारांचे जीव गेलेत. त्या बोगद्यातनं गाडी जाते तेव्हा मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

आता मुद्द्याचं. माजोर्ड्याला वास्कोकडची लाइन आणि उत्तरेकडून आलेली कोकण रेल्वे भेटतात, आणि मडगावच्या पुढे परत वेगळ्या होतात, एक बाळ्ळी-काणकोणमार्गे कारवारला, दुसरी चांदरवरून घाटात. स्टेशन कोकण रेल्वेच्या ताब्यात, पण वास्को-लोंढा लाइन दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची. आता ऑगस्ट २०२० आठव. पेडण्याच्या बोगद्यात भिंत कोसळली, कोकण रेल्वे बंद, आणि लांबच्या गाड्या कुठून वळवल्या? मडगाव, लोंढा, मिरज, पुणे. तू नको म्हणतोस त्याच लाइनीने! पुढच्या वर्षी जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, परत तसंच, मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी मडगावहून घाटाकडे वळवली, तर दूधसागर-सोनावळीच्या मध्ये दरड येऊन ती रुळावरून घसरली. नशिबाने कोणाला काही झालं नाही. म्हणजे घाटही पावसापुढे सुरक्षित नाही हे खरंच, पण एकच वाट असती तर त्या पावसाळ्यात आम्ही घरी कसे पोचलो असतो सांग ना. २०२४ च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा पण माझ्या मनात हेच आलं.

एकदा कुळ्याला उतरून बघ, मालगाडी आली की मागून आणखी इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात, कारण या घाटाचा, म्हणजे ब्रागांझा घाटाचा, चढ १:३७, सदतीस मीटरला एक मीटर वर, नुसत्या पुढच्या इंजिनाने होत नाही. जोडणारा माणूस दोन डब्यांच्या मध्ये वाकून कपलिंग तपासतो, ब्रेकचा होज पाइप लावतो, उठतो, हात वर करतो, मग मागून धक्का बसतो आणि ती धक्क्याची साखळी खडखड करत पुढपर्यंत जाते. हे काम करणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर नसतात.

तुझं एक म्हणणं मात्र मला पटतं, कोळशासाठी ही लाइन वाढवायला नको. या लाइनीच्या दुपदरीकरणाला इथे जो विरोध झाला तो कोळशाच्या वाहतुकीमुळे, २०२० च्या नोव्हेंबरात चांदरची माणसं रात्री रुळांवर बसली होती, ज्यांची शंभर-शंभर वर्षांची घरं रुळाला लागून आहेत त्यांना हादरे आणि काळी धूळ कशी परवडेल? मी त्यांच्याच बाजूचा. घाटातल्या भागाची मंजुरी सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये रद्द केली तेव्हा मला बरं वाटलं. पण म्हणून आहे ती लाइन ओस पडू द्यायची हे नाही, तिथे पॅसेंजर वाढवा, कुडचड्या-सावर्ड्याच्या मुलांना कॉलेजला, आजाऱ्यांना मडगावच्या हॉस्पिटलला, बाजारवाल्या बायकांना सकाळी वेळेवर येता आलं पाहिजे. बसचं भाडं आणि वेळ बघितलास ना तर कळेल तुला.

चवथीला येतोयस म्हणालास ना, मग या वेळी गोवा एक्सप्रेसने ये, पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा करत. तिकीट लवकर काढ, चवथीच्या गर्दीत वेटिंग निघत नाही. तारीख कळव, मी मडगावला येतो घ्यायला, पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, वगैरे करत बसू नकोस. वहिनींना सांग, आईने सोलं सुकवून ठेवलीयत. काकांना नमस्कार.

तुझा,
दत्ता