काकांकडे एक मागणं

लोद, इस्रायल

प्रिय अनिल,

काका पुन्हा पेटी घेऊन बसायला लागले हे वाचून फार बरं वाटलं. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे, पण त्याआधी इथलं सगळं सांगतो.

आमच्या वस्तीतल्या सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दर मंगळवारी रात्री आम्ही पियुत शिकायला जमतो. पियुत म्हणजे प्रार्थनेत, सणावारी, शब्बाथच्या (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाच्या टेबलावर म्हणायची जुनी हिब्रू पदं. काही तर हजार वर्षांपलीकडची. शब्द सगळ्यांकडे तेच, पण चाल ज्याच्या त्याच्या घरची. मोरोक्कोवाल्यांची एक, इराकवाल्यांची दुसरी, येमेनवाल्यांची तिसरीच. शब्बाथला आम्ही वाद्यं वाजवत नाही, फोनला हात लावत नाही. त्यामुळे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पद गळ्यात बसलेलं असावं लागतं. आमचे गुरुजी सीरियातल्या हलबच्या (अलेप्पोच्या) घराण्यातले. ते एक ओळ म्हणतात, आपण मागून म्हणायची. बसेपर्यंत पुढची ओळ नाही. काका आपल्याला ओसरीवर बसवून शिकवायचे, अगदी तसंच.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. इथे रागांसारखे मकाम असतात. 'हिजाझ' सुरू झाला की मला भैरवच आठवतो: सा, कोमल रे, शुद्ध ग, म. पण 'सिगाह' वेगळाच. त्याचा मुख्य सूर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी बसतो. पेटीवर त्याला पट्टीच नाही. ऊद या अरबी तंतुवाद्याला पडदे नसतात, म्हणून तिथे तो सापडतो. मला तो लागायला बराच काळ गेला. एके रात्री शेजारच्या म्हाताऱ्या बगदादी आजोबांच्या आवाजाला आवाज लावून म्हणत होतो, तेव्हा आपोआप लागला. हे शिक्षण एकट्याने घरी बसून व्हायचं नाही, हे तेव्हा पटलं.

हिवाळ्यात एका शब्बाथला मुद्दाम जेरुसलेमला मुक्काम केला. तिथलं आदेस सिनेगॉग हलबहून आलेल्या लोकांनी 1901 मध्ये बांधलं. थंडीच्या दिवसांत पहाटे तीनला लोक तिथे बक्काशोत, म्हणजे विनवणीची पदं, म्हणायला येतात. दोन बाजूंना बसून आलटून पालटून ओळी उचलतात आणि सकाळच्या प्रार्थनेपर्यंत चालू ठेवतात. या गाण्यांतल्या कितीतरी चाली मुळात अरबी गाण्यांच्या. सोळाव्या शतकातला कवी इस्राएल नजारा तर तुर्की, अरबी गाण्यांवर हिब्रू पदं रचायचा आणि पदाच्या डोक्यावर मूळ गाण्याचं नाव लिहायचा. आपल्या भजनाच्या पुस्तकांत कंसात 'चाल' छापतात ना, तसं!

मग मंगळवारच्या वर्गात शिकवायची आमची पाळी आली. मी 'एलियाहू हन्नाबी' हे एलिया संदेष्ट्याचं पद शिकवलं. आमच्या घरी मलिद्याच्या विधीला तू ते ऐकलेलं आहेस. पोहे, गूळ, खोबऱ्याच्या ताटाभोवती सगळे बसलेले असायचे. आईने मग मराठी पदांची वही काढली. आमच्या बेने इस्राएली लोकांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, 1880 च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत बांधली. पुढे ती पदं बायकांनी वह्यांमध्ये उतरवून सांभाळली.

इथे वर्षातून एकदा कार्यक्रमात नऊवारी नेसून ती गायली जातात, टाळ्या पडतात, संपलं. मला ते पुरत नाही. दुसऱ्यांनी ती शिकायला हवीत. आमच्या हिब्रू प्रार्थना तरी एकेकाळी कोणी शिकवल्या? एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी. त्यांनी त्या आपल्यापुरत्याच ठेवल्या असत्या तर आमच्याकडे आज काय असतं?

म्हणून मी योसेफाचं एक पद वर्गात घेतलं. सगळ्यांनी ते हिब्रू अक्षरांत लिहून घेतलं. त्या लिपीत 'ळ' नाही, 'ल'च लिहावा लागतो. मग 'ळ' मी तोंडानेच घटवून घेतला. ट्युनिसच्या एका मावशींनी तो असा काही म्हटला की आई एकदम हसली आणि मग तिने त्यांना जवळच घेतलं. दुसऱ्या मंगळवारी त्या मावशी नातीला घेऊन आल्या.

आता मागणं. वहीत पुढच्या पदावर नुसतं 'दिंडी' लिहिलंय. आईला पहिल्या दोन ओळींपलीकडे चाल आठवत नाही आणि ज्यांना यायची ती माणसं आता राहिली नाहीत. सोबत त्या पानाचा फोटो पाठवतोय. काकांना ते शब्द कीर्तनातल्या दिंडीच्या चालीवर म्हणायला सांग आणि रेकॉर्ड करून पाठव. दोन चाली सुचल्या तर दोन्ही पाठव, आईला ऐकवतो; तिच्या कानाला ओळखीची वाटेल ती घेऊ. काकांना म्हणावं, सावकाश म्हणा, इथे शिकणारे मोरोक्कोचे आहेत. आणि पेसाखच्या सणाआधी मिळालं तर फार बरं, कारण तो सण मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेचा आणि पदही त्याचंच आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सॅमसन